पीएमएमएच्या ठिपक्यांवर प्रथिन बसवायचंय, पण ते सगळीकडे पसरतंय

पातळफिल्म:
सिलिकॉनवर पॉलिस्टायरीन-पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट) ब्लॉक कोपॉलिमरची, म्हणजे दोन प्लॅस्टिकच्या साखळ्या टोकाला जोडलेल्या पॉलिमरची, फिल्म आहे. पीएमएमएचे उभे दंडगोल (वरून ठिपके दिसतात), व्यास साधारण २० नॅनोमीटर, केंद्रापासून केंद्रापर्यंत ४० च्या आसपास. आयजीजी (प्रतिपिंड प्रथिन) फक्त पीएमएमएवर सहसंयुज, म्हणजे पक्क्या रासायनिक, बंधाने जोडायचं आहे. ईडीसी-एनएचएस (कार्बोक्झिल गट सक्रिय करून प्रथिनाच्या अमाइनशी जोडणारी रसायनं) पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर), मग १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली प्रथिन तासभर, शेवटी ट्रिसने (अमाइन असलेलं बफर) धुणं. एएफएममध्ये (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) प्रथिनाचा सलग थर दिसतो, नक्षी गायब. ईडीसी दुप्पट केलं तरी तेच. कुठे चुकतंय?

एस्टर:
ईडीसीला मोकळा कार्बोक्झिल गट लागतो आणि पीएमएमएवर असतो मिथाइल एस्टर. त्यामुळे ईडीसी दुप्पट करा नाहीतर दसपट, पकडायला तिथे काही नाहीच. एक तुकडा ईडीसीशिवाय करून बघा, चित्र जवळपास हेच येईल. तुम्हाला दिसतंय ते निव्वळ अधिशोषण, म्हणजे बंधाशिवाय पृष्ठभागाला चिकटणं, आणि त्यात प्रथिनाची ओढ जास्त जलद्वेषी (पाणी टाळणाऱ्या) पॉलिस्टायरीनकडे असते. १०० मायक्रोग्रॅम आणि तासभर म्हटल्यावर आधी ते भरतं, मग पीएमएमएही झाकलं जातं.

नक्षी उलटी, म्हणजे प्रथिन पॉलिस्टायरीनवर, चालणार असेल तर हीच ओढ वापरा: १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली, अर्ध्या मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत वेगवेगळे तुकडे, लगेच भरपूर धुणं. सहसंयुज बंधच हवा असेल तर पॉलिमर बदला. पॉलिस्टायरीन-पॉली टर्ट-ब्युटाइल ॲक्रिलेटची फिल्म घेऊन टीएफएने (ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल) एस्टर तोडला की पॉलीॲक्रिलिक आम्ल मिळतं, त्यावर मोकळे कार्बोक्झिल असतात. मात्र टीएफए डायक्लोरोमिथेनमध्ये घालू नका, पॉलिस्टायरीन विरघळून फिल्मच जाईल. निखळ टीएफए वापरा, हूडखालीच. हे आम्ल बफरमध्ये फुगतं, म्हणून प्रथिन खर्च करण्याआधी कोरी फिल्म रात्रभर बफरमध्ये ठेवून नक्षी टिकते का ते बघा.

बफरबाई:
पॉलिमर बदलला तरी सध्याच्या कृतीने जमणार नाही. सक्रियण (ईडीसी-एनएचएसची पायरी) एमईएस बफरमध्ये करा, ०.१ मोलर, पीएच ५.५ ते ६. ईडीसी ०.२ मोलर, एनएचएस ०.०५ मोलर, १ मिलीला ईडीसी हायड्रोक्लोराइड ३८ मिग्रॅ, एनएचएस ५.८ मिग्रॅ. पंधरा मिनिटं पुरे. ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव धरलं की पावडर निकामी.

मग थंड एमईएसने झटकन धुऊन लगेच प्रथिन, पीबीएसमध्ये. इथे रेंगाळू नका: पीएच ७ ला एनएचएस एस्टर काही तास तग धरतो, साडेआठच्या पुढे काही मिनिटंच. उरलेले एस्टर १ मोलर इथेनॉलअमाइनने (पीएच ८.५) दहा मिनिटांत बंद करा.

प्रथिनाच्या मूळ द्रावणात ट्रिस किंवा ग्लायसिन असेल तर त्यांचे अमाइन गट आधी नंबर लावतात. डीसॉल्टिंग कॉलममधून (लहान रेणू वेगळे करणारी नळी) काढून घ्या. स्थिर ठेवण्यासाठी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेला असेल तर तो या कॉलमने जाणार नाही, बीएसए नसलेलं आयजीजीच मागवा.

पातळफिल्म:
आभारी आहे, एस्टरची गोष्ट लक्षातच आली नव्हती. मग पॉलिस्टायरीन बीएसएने आधी झाकून घेऊ का?

बफरबाई:
नको! बीएसएवर भरपूर लायसिन (अमाइन असलेली अमिनो आम्लं) आहेत, तुमचे सक्रिय ठिपके तोच खाऊन टाकेल. सक्रियणाआधी प्लुरॉनिक एफ-१२७ (साबणासारखं पॉलिमर), ०.१ ते १ टक्का, अर्धा तास. ते जलद्वेषी भागावर घट्ट बसतं आणि त्यात अमाइन नाही.

टोक_१०नॅमी:
एएफएमबद्दल. पीबीएसमधून काढून थेट वाळवलं तर मिठाचे स्फटिकही प्रथिनासारखे दिसतात. अतिशुद्ध पाण्यात दोन-तीनदा बुडवा, मग नायट्रोजन. शक्य असेल तर द्रवातच टॅपिंग (टोक हलकेच ठोकत मोजणं) करा. टोकाची त्रिज्या ८-१० नॅनोमीटर असते, त्यामुळे रुंदी नेहमी फुगलेली दिसते. उंचीवर भरवसा ठेवा. कडेला एक ओरखडा काढून ठेवलात तर प्रथिनाआधीची आणि नंतरची जागा तीच सापडेल.

२० नॅनोमीटरच्या ठिपक्यावर आयजीजीचे दोन-तीनच रेणू मावतात, तेव्हा प्रत्येक ठिपका भरलेला दिसेल अशी अपेक्षा नको. चकाकणारा रंग लावून ही नक्षी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारही नाही, प्रकाशाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या घरात आहे. एकूण किती प्रथिन बसलं आणि ईडीसीशिवायच्या तुकड्यावर किती, एवढं मात्र त्यातून नीट कळतं.