आधी वस्तू, मग वाचन
समकालीन कलेच्या नवोदित अभ्यासकांनी कार्यशाळेत आधी सिद्धांत वाचावेत आणि वस्तू शेवटच्या दिवशी पाहाव्यात, अशी एक सूचना आहे; ती मला पटत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा-संचात, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या संचात, 120 पाने असतात हे पुस्तकातूनही कळते. पण जुने गोल पान तिरप्या उजेडात पाहिले की लाखेची चकाकी, कुंचल्याचा फटकारा आणि बोटांनी झिजलेली कड दिसते, आणि प्रश्न तिथूनच सुचू लागतात. समकालीन कृतींसाठी ही सवय अधिकच हवी, कारण अमेरिकन शिल्पकार ईव्हा हेसे यांची 1960च्या दशकातील लॅटेक्सची (रबराच्या चिकाची) शिल्पे आता काळवंडून ठिसूळ झाली आहेत, हे केवळ जुन्या छायाचित्रावरून लिहिणाऱ्याला उमगणार नाही. जुनी पाने मात्र, विशेषतः आपल्या दमट हवेत, कुणाच्या हाती देऊ नयेत. हाताळण्यासाठी कारागिरांकडून नवी विकत घ्यावीत.