घरसामानासह दुसऱ्या देशात स्थलांतर: सीमाशुल्काची सवलत आणि कागदपत्रे

प्रश्न – उंबरठा

नोकरीनिमित्त आमचे कुटुंब लवकरच दुसऱ्या देशात राहायला जाणार आहे. फर्निचर, पुस्तके आणि स्वयंपाकघरातील सामान जहाजाने पाठवावे व कपडे आणि रोजच्या गरजेच्या वस्तू विमानातून सोबत न्याव्यात, असा विचार आहे. वापरलेल्या सामानावर शुल्क लागत नाही असे सगळेच सांगतात. परंतु ही सवलत आपोआप मिळते की मागावी लागते, हे कोणीच नीट सांगत नाही. सामान हलवणारी कंपनी ‘कस्टम्सचे आम्ही पाहू’ एवढेच म्हणते. निघण्यापूर्वी एक नवे वॉशिंग मशीन घेण्याचाही बेत आहे. सामानात शिसवी लाकडाचे एक जुने कपाटही आहे. कोणती कागदपत्रे आणि कोणत्या क्रमाने तयार करावीत, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

प्रतिसाद – नोंदवही

सवलत मागावी लागते आणि ती मागणाऱ्यालाच पात्रता सिद्ध करावी लागते. तपशील देशागणिक बदलत असला, तरी बहुतेक ठिकाणी तीनच गोष्टी तपासल्या जातात: आपण आधी खरोखर बाहेर राहत होता का, वस्तू आपल्या मालकीची व वापरातली होती का, आणि ती विकण्यासाठी आणलेली नाही ना. युरोपीय संघाच्या 2009 च्या नियमावलीनुसार सवलतीसाठी संघाबाहेर किमान सलग 12 महिने वास्तव्य लागते, वस्तू किमान 6 महिने वापरलेली असावी लागते आणि संघात वास्तव्य सुरू केल्यापासून साधारणपणे 12 महिन्यांच्या आत ती आणावी लागते. त्यानंतरही 12 महिने ती विकता, भाड्याने देता किंवा कोणाला उसनी देता येत नाही, आणि मद्य व तंबाखू या सवलतीत बसत नाहीत. अमेरिकेत घरसामान परदेशातील घरात किमान एक वर्ष वापरलेले असावे लागते आणि मागून येणाऱ्या सामानासाठी 3299 क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. ब्रिटनमध्ये तर सामान पोहोचण्याआधीच अर्ज करून मंजुरीचा क्रमांक मिळवावा लागतो.

यावरून वॉशिंग मशीनचे उत्तर मिळते. निघण्याच्या तोंडावर घेतलेली वस्तू अनेक देशांत नवी आयात समजली जाते, त्यामुळे मला तो बेत योग्य वाटत नाही. शिवाय विजेचा दाब आणि प्लगची रचनाही जुळेलच असे नाही. आधीच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, वीजबिले, कराची विवरणपत्रे आणि नोकरीचे पत्र आत्ताच गोळा करा. घर सोडल्यावर जुनी बिले मिळवणे फार कठीण जाते.

प्रतिसाद – बंदरकाठ

कंपनीच्या त्या वाक्याबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. क्लिअरिंग एजंट, म्हणजे सीमाशुल्कातून सामान सोडवून देणारा मध्यस्थ, आपल्या मुखत्यारपत्रावर काम करतो. आयातदार म्हणून नाव आपलेच असते आणि घोषणापत्रातील चुकीची जबाबदारीही शेवटी आपल्यावरच येते. म्हणून यादी कंपनीच्या माणसांवर सोपवू नका. ते ‘खोके क्रमांक 14, किरकोळ सामान’ असे लिहून मोकळे होतात आणि तपासणीत नेमके तेच खोके उघडले जाते. प्रत्येक खोक्यात काय आहे, किती आहे, वस्तू जुनी आहे की नवी आणि आजची अंदाजे किंमत किती, हे स्वतः लिहा; विजेच्या उपकरणांचे मॉडेल व अनुक्रमांक नोंदवा आणि दागिन्यांची छायाचित्रे व मूल्यांकनपत्र जवळ ठेवा. किंमत शून्य लिहू नये, कारण विमा आणि सीमाशुल्क या दोन्हींसाठी हीच यादी पाहिली जाते.

बिल ऑफ लेडिंगवरील, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरील, नाव पारपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. सामान बंदरात पोहोचण्यापूर्वी व्हिसा किंवा निवास परवाना हाती असावा, अन्यथा कंटेनर सुटत नाही आणि डेमरेज (सामान बंदरात पडून राहिल्याचे शुल्क) दिवसागणिक वाढत जाते. त्यामुळे माझ्या मते जहाजाची तारीख परवान्यानंतर ठरवावी.

प्रतिसाद – पानगळ

कपाटाचा प्रश्न शुल्काहून निराळा आहे. शिसवाची जवळजवळ संपूर्ण प्रजाती 2017 पासून ‘साइटिस’ या वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत, आहे. वैयक्तिक व घरगुती वस्तूंना करारात काही सूट असली, तरी एखाद्या देशाचे नियम याहून कडक असू शकतात. म्हणून निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही देशांतील साइटिस कार्यालयांना कपाटाचे वय व छायाचित्र पाठवून लेखी उत्तर घ्या. हस्तिदंताची नक्षी किंवा मूठ असलेली वस्तू असेल, तर हे अधिकच आवश्यक आहे.

कपाटासाठी कच्च्या लाकडाची पेटी केली, तर तिच्यावर आयएसपीएम 15 या, लाकडातून कीड पसरू नये म्हणून ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान सलग 30 मिनिटे राखलेले असते. प्लायवुडच्या पेटीला ही अट नाही. बागेची अवजारे आणि बूट मातीचा कणही न ठेवता धुवावेत; बिया व घरगुती खाद्यपदार्थ सामानात घालूच नयेत.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न – उंबरठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही आधी पोहोचणार आणि सामान मागून येणार, तर विमानतळावर त्याचा उल्लेख करावा लागतो का?

प्रतिसाद – नोंदवही

काही देशांत तो करावाच लागतो. कॅनडात स्थायिक होण्यासाठी येणाऱ्यांनी सोबतच्या आणि मागून येणाऱ्या वस्तूंच्या दोन वेगळ्या याद्या पहिल्याच आगमनाच्या वेळी दाखवायच्या असतात. दुसऱ्या यादीत नसलेल्या वस्तूला नंतर सवलत नाकारली जाऊ शकते. म्हणून यादीच्या छापील प्रती हातातील पिशवीत ठेवा आणि अधिकाऱ्याने शिक्का मारलेली प्रत जपा, कारण सामान सोडवताना तीच मागितली जाते. सोबत 10,000 डॉलर किंवा युरोच्या आसपास रोख असेल, तर त्या देशाची मर्यादा आधी पाहून घ्या. रोख घोषित केल्याने कर लागत नाही. लपवल्यास मात्र रक्कम जप्त होऊ शकते.