शनिवारचा कट्टा: हैले सेलासींवर बोलायचं का?

सी-३०१ (कट्टा संयोजक): नमस्कार मंडळी. शनिवारी सायंकाळी ७ वाजता क्लबहाउसमध्ये बी-५०२ चे सर इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांच्यावर बोलणार आहेत. सर्वांनी यावं.

ए-१०४: सर, लेक विचारतोय, इथिओपियाच्या राजाला जमैकातले लोक देव कसे मानतात?

बी-५०२ (सर): चांगलं विचारलंय त्याने. गादीवर येण्याआधी त्यांना रास तफारी म्हणत. २ नोव्हेंबर १९३० ला राज्याभिषेक झाला. गोऱ्यांच्या राज्यात पिचलेल्या जमैकातल्या गरिबांना एक काळा सम्राट दिसला आणि त्यांनी त्याला अवतार मानलं. तोच रास्ताफारी पंथ. ते स्वतः मात्र शेवटपर्यंत इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राहिले.

ए-२०३ (ताई): सर, माफ करा, पण माझा आक्षेप आहे. इथिओपियाच्या वोलो प्रांतात माणसं भुकेने मरत असताना ज्याच्या दरबाराने ते झाकून ठेवलं, त्याचे गोडवे आपण का गायचे?

बी-५०२ (सर): ताई, वोलो वगळून मी बोलणारच नाही. १९७३ च्या त्या दुष्काळात किती गेले याचे अंदाज ४० हजारांपासून २ लाखांपर्यंत जातात. ऑक्टोबरात ब्रिटिश टीव्हीने चित्रण दाखवलं तेव्हा कुठे जगाला कळलं. आणि अमर्त्य सेन यांनी पुढे जे मांडलं ते मला जास्त अस्वस्थ करतं: देशभरातलं धान्य त्या वर्षी फारसं घटलेलं नव्हतं. वोलोच्या माणसांकडे ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती, उलट तिथून धान्य बाहेरही जात होतं. म्हणजे हा दोष पावसावर ढकलता येत नाही.

पण इटलीने इथिओपियावर हल्ला करून तो घेतला तेव्हा याच माणसाने ३० जून १९३६ ला जिनिव्हात राष्ट्रसंघासमोर (तेव्हाची लीग ऑफ नेशन्स) उभं राहून, इटालियन पत्रकार शिट्ट्या मारत असताना, अम्हारिकमध्ये आपल्या लोकांची बाजू मांडली. इटलीने विमानांतून फवारलेल्या विषारी वायूने माणसं, गुरं, नद्या कशा नासल्या ते सांगितलं. इटलीवर निर्बंध होते, पण तेल त्यातून वगळलेलं होतं. सुएझ कालवाही इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीच्या जहाजांना खुलाच राहिला. भाषणानंतर काही दिवसांतच होते तेही निर्बंध उठले. त्या दिवशी ते शंभर टक्के बरोबर होते असं माझं ठाम मत आहे, आणि १९७३ मुळे ते बदलत नाही.

डी-६०१ (आजी): माझे सासरे मराठा पलटणीत होते. केरन केरन म्हणायचे. ते हेच का?

बी-५०२ (सर): हेच, आजी! केरन एरिट्रियात, म्हणजे इथिओपियाच्या उत्तरेच्या तेव्हाच्या इटालियन वसाहतीत. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरमाथ्यावरच्या इटालियन फौजेशी आपल्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनने झुंज दिली. त्यात मराठेही होते. खालून वर, उघड्या खडकांवरून चढत जायचं. केरन पडलं आणि उत्तरेकडची इटालियन फळी मोडली. सम्राट स्वतः सुदानमधून आत शिरले होते. ५ मे १९४१ ला ते अदिस अबाबात परतले. इटलीने शहर घेतलं होतं त्याला त्या दिवशी बरोबर ५ वर्षं झाली. आजी, शनिवारी तुम्ही नक्की या, जे आठवेल ते सांगा.

डी-६०१ (आजी): येते. गुडघ्याचं बघून.

ए-२०३ (ताई): ठीक आहे सर. पण १९६२ मध्ये एरिट्रियाची स्वायत्तता मोडून सम्राटांनी ती इथिओपियात खालसा केली, तेही घ्या. तिथली माणसं त्यापायी तीस वर्षं लढली.

बी-५०२ (सर): घेणार. १९६३ ला अदिस अबाबात आफ्रिकी एकता संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. आजही आफ्रिकी संघाचं मुख्यालय तिथेच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या अंतरात घडल्या, म्हणून एकत्रच सांगेन. ताई, दुष्काळ आणि १२ सप्टेंबर १९७४ ची पदच्युती तुम्ही मांडाल का? तुमचा अभ्यास दिसतोय.

ए-२०३ (ताई): मांडते. २० मिनिटं लागतील.

सी-३०१ (कट्टा संयोजक): मग ७ ऐवजी ६:३० ला सुरू करू. आजींसाठी लिफ्टजवळची खुर्ची ठेवतो.