मदत हवी आहे: 'अल्गोरिदम'साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

नमस्कार मंडळी,

नववी-दहावीच्या मुलांसाठी निघणाऱ्या एका विज्ञान पुस्तिकेत मी एक प्रकरण लिहीत आहे आणि 'अल्गोरिदम' (एखादे काम पायरीपायरीने करण्याची ठरलेली कृती) या एकाच शब्दापाशी पंधरा दिवस अडलो आहे. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'रीत' असे लिहिले होते. संपादकांनी समासात पेन्सिलीने विचारले, "'समाजमाध्यमावरच्या रीतीने माझी पोस्ट खाली ढकलली' हे वाक्य तुम्हाला चालेल का?" मला ते चालेना. का चालत नाही, हे शोधताना शब्दाचा जो प्रवास हाती लागला तो आधी मांडतो, कारण माझी अडचण त्यातूनच निर्माण झाली आहे.

नवव्या शतकात, खलिफा अल-मामूनच्या काळात, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझमी हे गणिती बगदादमध्ये काम करत होते. ख्वारिझम हा अरल समुद्राच्या दक्षिणेकडचा प्रदेश. तेव्हा 'अल-ख्वारिझमी' हे आपल्या 'सातारकर', 'नगरकर' अशा नावांच्याच जातीचे नाव. त्यांनी भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर एक पुस्तक लिहिले. मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही, पण बाराव्या शतकातले लॅटिन रूपांतर उरले आहे आणि त्याची सुरुवात 'अल्गोरिझ्मी म्हणाला' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. म्हणजे युरोपात हा शब्द आला तो माणसाचे नाव म्हणून. पुढच्या पिढ्यांना तो माणूस ठाऊक राहिला नाही आणि शून्यासह दहा अंकांनी, स्थानमूल्य धरून आकडेमोड करण्याच्या कलेलाच 'अल्गोरिझम' म्हणू लागले. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात तर हे नाव अल्गोर नावाच्या भारताच्या राजावरून पडले असे सांगितले आहे! पुढे 'संख्या' या अर्थाच्या ग्रीक 'अरिथमॉस' शब्दाच्या ओढीने 'झ'चा 'थ' झाला आणि आजचे रूप तयार झाले.

या प्रवासाची एक वेगळी वाट गोव्यापर्यंत येते. माझे मडगावचे मामेआजोबा 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकले. त्यांना या प्रकरणाबद्दल सांगत होतो, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला 4 हा आकडा काढला, त्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हो एक अल्गारिझ्मु." पोर्तुगीजमध्ये 'अल्गारिझ्मु' म्हणजे अंक, नुसता एक अंक. एकाच नावातून एकीकडे कृतीचा शब्द निघाला आणि दुसरीकडे ती कृती ज्यांच्यावर करायची त्या आकड्यांचा, हे त्या दिवशी मला प्रथमच कळले.

युरोपात अर्थ हळूहळू आकडेमोडीच्या बाहेर पडला. जर्मन गणिती लायब्निझने 1684 मध्ये अवकलनाचे (डिफरन्शिएशनचे) नियम मांडताना, त्या नियमांना जणू या गणिताचा 'अल्गोरिदम' म्हणावे, असे सुचवले. 1936 मध्ये ब्रिटिश गणिती अ‍ॅलन ट्युरिंग यांनी यांत्रिकपणे गणना करता येणे म्हणजे काय याची काटेकोर व्याख्या केली, आणि 1968 मध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी अल्गोरिदमची पाच लक्षणे नोंदवली: तो कुठेतरी संपला पाहिजे, प्रत्येक पायरी निःसंदिग्ध हवी, सुरुवातीला काही दिलेले असू शकते (किंवा काहीच नसेल), काहीतरी निष्पन्न व्हावे आणि प्रत्येक पायरी कागद-पेन्सिलीने करता येण्याइतकी साधी हवी.

या अर्थाला 'रीत' चपखल बसते असे माझे ठाम मत आहे. 84 आणि 36 यांचा मसावि काढताना आपण 84 ला 36 ने भागतो, बाकी 12 उरते; मग 36 ला 12 ने भागतो, बाकी शून्य; म्हणून मसावि 12. आज याला युक्लिडचा अल्गोरिदम म्हणतात, आणि शाळेत फळ्यावर बाई ज्याला 'रीत' म्हणत ते हेच होते. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त नियमाआधी 'करणसूत्र' असा शब्द येतो, तोही मला फार आवडतो. पण मुलांना 'सूत्र' म्हटले की फक्त फॉर्म्युला आठवेल अशी भीती वाटते. 'आज्ञावली' म्हणजे प्रोग्राम. एकच रीत दहा संगणकभाषांत दहा आज्ञावल्या लिहून वापरता येते, त्यामुळे तो शब्द इथे चुकीचाच ठरतो. हिंदीतला 'कलन विधि' घ्यावा, तर 'कलन' आपल्याकडे कॅल्क्युलससाठी रुळले आहे.

खरी अडचण आजच्या बोलण्यातल्या अर्थाची आहे. 'अल्गोरिदम ठरवतो', 'अल्गोरिदमला आवडत नाही' असे लोक म्हणतात, तेव्हा त्यांना पायऱ्यांची यादी अभिप्रेत नसते; प्रचंड माहितीवरून शिकलेली, काय दाखवायचे आणि काय नाही हे निवडणारी एक सबंध यंत्रणा अभिप्रेत असते. 'अल्गोरिझ्मी म्हणाला' या वाक्यात जो कर्ता होता, तो मधल्या काळात करण (म्हणजे क्रियेचे साधन) झाला आणि आता पुन्हा कर्त्याच्या जागी येऊन बसला आहे. 'रीत' हा शब्द करणाच्याच जागी शोभतो, म्हणून संपादकांचे वाक्य कानाला खटकते.

माझे प्रश्न असे आहेत. पहिल्या अर्थासाठी 'रीत' आणि दुसऱ्यासाठी 'अल्गोरिदम' असे दोन शब्द एकाच प्रकरणात वापरले, तर मुलांचा गोंधळ होईल की फरक अधिक स्पष्ट होईल? संगणकशास्त्र मराठीतून शिकवणाऱ्यांपैकी कोणी वर्गात 'करणसूत्र' वापरून पाहिले आहे का, आणि मुलांनी ते कसे स्वीकारले? 'तो अल्गोरिदम' की 'ते अल्गोरिदम', आपण काय म्हणता? मी 'तो' म्हणतो, संपादक 'ते' म्हणतात. गोव्यातल्या वाचकांना आणखी एक विनंती: घरातल्या मोठ्यांच्या कोंकणी बोलण्यात 'अल्गारिझ्मु' अंक या अर्थाने येत असे का, हे कृपया विचारून कळवावे. खर्डा येत्या महिनाअखेरीस द्यायचा आहे.