स्पीड पूर्ण मिळतो, तरी कॉलवर आवाज तुटतो. राउटर बदलून फरक पडेल का?

गॅलरी_३०२

ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, जुनी आरसीसी इमारत, आतल्या दोन भिंती नऊ इंची. स्थानिक केबलवाल्याचं फायबर, ५० एमबीपीएसचा प्लॅन. त्याने दिलेला एकच डबा हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात आहे. फायबर त्यातच येतं आणि वायफायही तोच देतो, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर.

काम मागच्या बेडरूममध्ये, मध्ये त्याच दोन भिंती. स्पीड टेस्ट हॉलमध्ये ४८ डाउनलोड आणि ४७ अपलोड दाखवते, बेडरूममध्ये २० ते ३०. मीटिंगमध्ये इतरांचा आवाज मला बहुतेक वेळा नीट येतो, पण माझा आवाज त्यांना तुटक जातो. संध्याकाळी सात ते दहा सगळ्यात वाईट. घरात मोबाइलची रेंज कमी, म्हणून वायफाय कॉलिंग चालू ठेवलंय, तिथेही हेच. लॅपटॉपला ब्लूटूथ हेडसेट आहे. शिवाय तीन फोन, एक टीव्ही, दारावरचा क्लाउड कॅमेरा.

सहा-सात हजारांचा वायफाय ६ राउटर बघून ठेवलाय. घ्यावा का?

तांब्याची_तार

थांबा, आधी मोजा. कॉलला स्पीड फार लागतच नाही. आवाजाचं एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) साधारण २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. सगळा हिशोब धरूनही एका बाजूचा भार १०० केबीपीएसच्या आसपास. तुमच्याकडे त्याच्या शेकडो पट आहे. कॉलला हवं असतं ते हे की प्रत्येक पॅकेट ठरल्या वेळी पोचावं. उशिरा आलेलं पॅकेट अ‍ॅप फेकून देतं, त्यामुळे उशीर आणि गळती कानाला सारखीच जाणवते. स्पीड टेस्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

घर ते ऑफिस या वाटेचे दोन तुकडे करा: लॅपटॉप ते राउटर आणि राउटर ते बाहेर. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लिहून राउटरचा पत्ता द्या, बहुधा १९२.१६८.१.१ असेल. दुसरीत ८.८.८.८, हा गूगलचा, घराबाहेरचा पत्ता. दोन्हींच्या शेवटी डॅश-टी जोडा, म्हणजे पिंग चालूच राहील. पाच मिनिटांनी कंट्रोल-सी दाबलं की गळती, सरासरी आणि कमाल वेळ दिसेल.

हे तीनदा करा:
१. बेडरूममध्ये वायफायवर, त्रासाच्या वेळेत.
२. हॉलमध्ये लॅन केबल लावून, घरातलं बाकी सगळं शांत असताना.
३. केबलवरच, पण एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढत असताना.

पहिल्यात राउटरचाच पिंग उड्या मारत असेल तर दोष वायफायचा. दुसऱ्यात राउटर २ मिलिसेकंदांच्या आत आणि ८.८.८.८ मात्र गळत असेल तर तक्रार केबलवाल्याकडे. पैसे खर्च करू नका. तिसऱ्यात काय येतं ते आधी सांगा, मग बोलू.

सा_रे_ग

तोवर एक फुकटातली गोष्ट. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ व वायफाय एकाच चिपवर, एकाच अँटेनावर असतात. दोघांना आळीपाळीने बोलावं लागतं. त्यात माइक चालू झाला की हेडसेट कमी दर्जाच्या मोडमध्ये जातो, मग आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. दोन दिवस वायरचा हेडसेट लावून बघा. फरक पडला तर अर्धं कोडं सुटलं.

गॅलरी_३०२

मोजलं. वायरचा हेडसेट लावल्यावर खरखर कमी झाली, तुटणं राहिलंच.

बेडरूम, वायफाय, रात्री ८: राउटरचा पिंग सरासरी २८, कमाल ४१०, ३०० पैकी ९ पॅकेटं गळाली.
हॉल, केबल, शांत: राउटर १ च्या आत, ८.८.८.८ ला ५ ते ६, गळती शून्य.
हॉल, केबल, फाइल चढताना: राउटर १ च्या आतच, पण ८.८.८.८ ला ३४०!

झपाझप

मेश सेट (एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे) घ्या, तीन डब्यांचा. एक हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये, एक बेडरूममध्ये. विषय संपेल.

तांब्याची_तार

नाही संपणार. आकडे दोन वेगळे आजार दाखवतात: बेडरूमपर्यंत नीट न पोचणारं वायफाय आणि तुंबणारा अपलोड. मेश त्यातल्या एकालाच हात घालतो, तोही अर्धवट.

दुसरा आजार आधी घेतो, कारण तो कुठलाही महागडा वायफाय राउटर आपोआप बरा करत नाही. अपलोड भरला की पॅकेटं डब्याच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) रांग लावतात. समजा बफर २ एमबीचा आहे. २ एमबी म्हणजे १६ मेगाबिट. ४७ एमबीपीएसने ती रांग रिकामी व्हायला साधारण ३४० मिलिसेकंद लागतात. तुमचा आकडा नेमका त्याच माळेतला. आवाजाचं छोटंसं पॅकेट त्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहतं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ शिफारस सांगते; तुम्ही दुपटीच्या वर आहात. इतरांचा आवाज तुम्हाला नीट येतो आणि तुमचा त्यांना नाही, याचं कारणही हेच: डाउनलोड मोकळा आहे, अपलोड तुंबलाय.

संध्याकाळीच का? फोन घरी येतात, वायफायला लागतात, चार्जिंगला लावले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो. बॅकअप मिळेल तेवढा अपलोड खातो. कॅमेऱ्यावर राग काढू नका, तो साधारण एक-दोन एमबीपीएसच पाठवतो. आजच्या आज तिन्ही फोनांचा बॅकअप हाताने थांबवा आणि रात्रीच्या मीटिंगमध्ये विचारा. हा उपाय शून्य रुपयांचा आहे.

कायमचा इलाज म्हणजे रांग शिस्तीत लावणारा राउटर. पेटीवर 'क्यूओएस' लिहिलेलं असलं म्हणून भागत नाही; बऱ्याच राउटरांत ते फक्त एखाद्या उपकरणाला पुढे काढतं. शोधायचे शब्द एसक्यूएम (रांग हुशारीने सांभाळणारी सोय), आणि तिच्या पद्धती केक किंवा एफक्यू-कोडेल. एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करतो आणि रांगेत फार वेळ रेंगाळणारी पॅकेटं टाकून देतो, त्यामुळे बॅकअप स्वतःहून हळू होतो आणि आवाज मध्येच निसटून पुढे जातो. हा २०१८ पासून आरएफसी ८२९० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून नोंदलेला आहे. केक त्याचाच पुढचा भाऊ, लिनक्सच्या ४.१९ मध्ये आला.

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये भरायची मोफत प्रणाली) चालणारा कुठलाही साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही देणारा) राउटर तुमच्या ५० एमबीपीएसला पुरतो. मीडियाटेक एमटी७६२१ चिपचे जुने राउटरही चालतील. त्यांचा दम केकसकट दीडशे एमबीपीएसच्या आसपास संपतो, पुढे मोठा प्लॅन घ्यायचा असेल तर जास्त ताकदीचा प्रोसेसर बघा. एकाच मॉडेलच्या नावाखाली आवृत्तीनुसार आतली चिप बदलते. तळाच्या स्टिकरवरची आवृत्ती ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीशी जुळली तरच घ्या. फ्लॅश, म्हणजे राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी भरणं, लॅन केबल लावूनच करा आणि मध्ये लाइट जाणार नाही याची सोय ठेवा. फ्लॅशनंतर वायफाय सहसा बंदच असतं. राउटर मेला असं समजून घाबरू नका. केबलने आत जाऊन चालू करायचं.

मग लुसी-अ‍ॅप-एसक्यूएम हे पॅकेज घाला. इंटरफेस वॅनचा (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा) निवडा. पीपीपीओई (नाव-पासवर्डने लॉगिन होणारं कनेक्शन) असेल तर पीपीपीओई-वॅन. डाउनलोड ४३०००, अपलोड ४२००० केबीपीएस, म्हणजे मोजलेल्याच्या ९० टक्के. क्यू म्हणून केक, स्क्रिप्ट पीस-ऑफ-केक. लिंक लेयर इथरनेट, ओव्हरहेड ४४. फ्लो ऑफलोडिंग बंद करा. ते चालू राहिलं तर पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जातात आणि सगळं नीट भरूनही काहीच बदलत नाही. लोक इथेच अडकतात.

शेवटी तिसरी चाचणी पुन्हा करा. फाइल चढतानाही ८.८.८.८ चा पिंग शांत वेळेपेक्षा २०-३० च्या वर जायला नको. गेला तर अपलोड आणखी दोन-तीन हजारांनी खाली आणा. हे दहा टक्के कमी करणं जिवावर येतं, पण रांग केबलवाल्याच्या डब्यातून आपल्या राउटरमध्ये आणायचा तोच एक मार्ग आहे.

खांब_ते_घर

वरच्यात एक गाळलेली पायरी. जुना डबा काढून टाकता येत नाही, फायबरचं टोक त्यातच आहे. केबलवाल्याकडून पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी लेखी मागा, मग डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देईल आणि लॉगिन नवा राउटर करेल. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवा. त्याच डब्याला लँडलाइन जोडलेली असेल तर तिचं वेगळं वॅन प्रोफाइल असतं, ते पुसू नका; पुसलं की फोन मुका. काही ठिकाणी कनेक्शन जुन्या डब्याच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या स्वतःच्या क्रमांकाला) बांधलेलं असतं. नवा राउटर लॉगिन होत नसेल तर जुन्याचा मॅक क्लोन करा.

ब्रिज द्यायला नकार मिळाला तरी अडत नाही. डब्याच्या लॅनमधून नव्या राउटरच्या वॅनमध्ये केबल द्या, नव्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा आणि जुन्याचं वायफाय बंद करा. दोनदा नॅट (घरातल्या पत्त्यांची बाहेरच्या पत्त्याशी अदलाबदल) होईल, कॉलला त्याची अडचण सहसा येत नाही. अट एकच: घरातलं प्रत्येक यंत्र नव्या राउटरमागे असावं. टीव्ही जुन्या डब्यालाच राहिला तर त्याची रांग मोकाट. आणि नवा राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा डबा) म्हणून लावला तर एसक्यूएमचा उपयोग शून्य.

वायफाय कॉलिंग आयपीसेक या सुरक्षित बोगद्यामधून जातं, यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५००. फायरवॉलमध्ये ते अडवू नका. राउटरमधलं एसआयपी-एएलजी हे सेटिंग बंद करा असा सल्ला सगळीकडे दिसेल. तो टेबलावरच्या आयपी फोनांसाठी आहे, मीटिंगच्या अ‍ॅपला त्याचा संबंध नाही.

गॅलरी_३०२

तिन्ही बॅकअप थांबवून काल रात्री मीटिंग केली. तुटणं बरंच कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. म्हणजे उरलेलं बेडरूमच्या वायफायचं? टीव्हीच्या जुन्या केबलचा पाइप भिंतीतून बेडरूमपर्यंत जातो, त्यातून लॅन ओढता येईल?

तांब्याची_तार

येईल, आणि तोच सगळ्यात चांगला रस्ता आहे. नऊ इंची विटांच्या दोन भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ जेमतेम पोचेल, म्हणून वायफाय ६ राउटर त्याच कपाटात ठेवला असता तर निराशाच पदरी पडली असती. ड्युअल बँड मेशही त्याच भिंतींतून एकमेकांशी बोलतो, आणि मधल्या डब्यामुळे प्रत्येक पॅकेट दोनदा हवेतून जातं.

कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची. सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. पाइपात ओढताना तुटतं. जुनी कोअ‍ॅक्स (टीव्हीची केबल) उपसताना तिच्याच टोकाला नवी केबल टेपने घट्ट बांधा, म्हणजे वेगळी स्प्रिंग घालावी लागत नाही. दोन्ही टोकांना मीटरभर जादा ठेवा. त्या पाइपात २३० व्होल्टची वायर असेल तर लॅन घालू नका.

दोन्ही टोकांना रंगक्रम एकच: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर जाते, सलग नाही. सलग लावली तर लिंक कधी लागतेही, पण जोडी फुटल्यामुळे पॅकेटं गळतात आणि दोष महिनोन् महिने सापडत नाही. लॅपटॉपवर लिंक स्पीड १ जीबीपीएस दिसायला हवा. १०० दिसला तर आठपैकी एखादी तार बसलेली नाही, किंवा कुठल्यातरी टोकाचं पोर्टच १०० चं आहे.

मीटिंगच्या लॅपटॉपला केबल थेट लावा. फोनच्या वायफाय कॉलिंगसाठी त्याच केबलवर बेडरूममध्ये छोटा ड्युअल बँड अ‍ॅक्सेस पॉइंट. लॅपटॉपची केबल त्याच्याच दुसऱ्या लॅन पोर्टातून काढा. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ३६ किंवा १४९, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. ५२ ते १४४ टाळा, तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावं लागतं आणि कॉल मध्येच गोठतो. २.४ वर १, ६ किंवा ११, रुंदी २०, नाव वेगळं. कॅमेरा आणि टीव्ही तिथेच राहू द्या.

खांब_ते_घर

केबल ओढायच्या दिवशी एक १२ व्होल्टचा मिनी यूपीएसही लावून टाका, फायबरच्या डब्याला आणि राउटरला मिळून. इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या क्षणी डबा रीस्टार्ट होऊ शकतो, आणि पुन्हा लाइनवर यायला त्याला दोनेक मिनिटं लागतात. दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर बेरीज करून त्यापेक्षा मोठा घ्या. राउटरचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा निघाला तर तो १२ च्या पिनेला लावू नका.