मदत हवी आहे: गुहागरला पूर्ण विश्रांती की हेदवीपर्यंत हलका दिवस?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही अकराजण मांडवा ते गोवा सागरी मार्गाने सायकलवर निघतोय. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटी घेत चौथ्या संध्याकाळी गुहागरला पोहोचू. पाचवा दिवस मुद्दाम मोकळा ठेवलाय आणि वाद नेमका त्याच्यावरच आहे.

अर्धे म्हणतात, समुद्रात डुंबा, खा, झोपा. मी दुसऱ्या बाजूचा. मागच्या सहलीत पूर्ण दिवस लोळलो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाला मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. म्हणून सकाळी चेन धुवायची (वाळू आणि खाऱ्या हवेने ती करकरते), उशिरा निघून वेळणेश्वर बघत दुपारपर्यंत हेदवीला मुक्काम, असा माझा बेत. सहाव्या दिवशी तवसाळ-जयगड फेरीबोट घेऊन गणपतीपुळे.

नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण कोकणातल्या अंतरावर कोण विश्वास ठेवणार! दोघं साठीपुढचे आहेत, एकाचा गुडघा कुरकुरतो. सोबत गाडी नाही, सामान सायकलवरच. हेदवीत दोन घरगुती ठिकाणी फोन केले, दोन्हीकडे सहाच्या वर सोय नाही. तंबू नकोत, जेवण शाकाहारी चालेल, सायकली मात्र रात्री आत ठेवता यायला हव्यात.

अलीकडे सायकलने गेलेल्यांनी सांगावं: गुहागर ते हेदवी चढ हलक्या दिवसात बसणारे आहेत का, की सामानासह उतरून ढकलावं लागतं? आणि हेदवी-वेळणेश्वर भागात अकराजणांची एकत्र सोय कुठे होईल?