डबा हलका करूनही वजन जागचे हलत नाही. कामाच्या दिवसांचे जेवण कसे आखावे?

वाटसरू:

वय ३८, पुरुष, उंची १६८ सेंमी, वजन ८४ किलो. दिवसभर बैठे काम, चालणे जेमतेम चार हजार पावले. सध्याचे खाणे असे आहे:

सकाळी ८ वाजता चहा आणि दोन टोस्ट. दुपारी १ वाजता काकडी, टोमॅटो, कोबी असा मोठा डबाभर कच्चा भाजीपाला आणि एक सफरचंद. साडेचारनंतर चहा-बिस्किटे, कधी मूठभर शेंगदाणे. रात्री ९ वाजता पोटभर जेवण.

पाच आठवडे हेच चालू आहे आणि काटा ८३.५ ते ८४.५ च्या मध्ये फिरतो. दुपार निभते, पण साडेचारनंतर भूक आवरत नाही. ऑफिसात फ्रीज आणि मायक्रोवेव्ह आहे. सकाळी हाताशी २० मिनिटे असतात, रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी दीड तास मिळतो. अंडी, चिकन चालते. दिवसाच्या कॅलरी किती धराव्यात, डब्यात कशाचे किती ग्रॅम असावे आणि दोन वेळच्या रांधण्यात आठवडा कसा बसवावा?

तोळामासा:

डबा हलका आहे, तेच दुखणे आहे. ४०० ग्रॅम काकडी-टोमॅटो-कोबी म्हणजे ८० च्या आसपास कॅलरी, सफरचंदाच्या ९५. दुपारचे जेवण पावणेदोनशे कॅलरीत आटोपले आणि त्यात प्रथिने जेमतेम चार-पाच ग्रॅम. पाण्याने आणि चोथ्याने पोट ताणले जाते म्हणून तीन तास बरे वाटते, मग शरीर आपली थकबाकी मागते. बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४५० ते ५०० कॅलरी असतात आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यात १७०. दुपारी वाचवलेले साडेचारला निम्मे जाते, उरलेले रात्री ९ वाजता. यात मनोनिग्रहाचा काही दोष नाही, मांडणीच चुकली आहे.

आता हिशेब. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र पुरुषांसाठी असे: वजन × १०, अधिक उंची × ६.२५, वजा वय × ५, अधिक ५. (स्त्रियांसाठी शेवटी अधिक ५ ऐवजी वजा १६१.) तुमचे ८४० + १०५० − १९० + ५ = १७०५. ही नुसते पडून राहिले तरी लागणारी ऊर्जा. बैठे काम आणि थोडे चालणे धरून १.३ ने गुणा, साधारण २२०० येते. त्यातून ५०० वजा करून १७०० धरा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, त्यामुळे ही तूट कागदावर आठवड्याला ४५० ग्रॅमची आहे. सूत्र अंदाजाचे आहे, प्रत्यक्षात १० टक्के इकडेतिकडे होणारच. म्हणून तीन आठवडे आकडा बदलू नका.

प्रथिने गाठायच्या वजनावरून काढा: ७० किलो × १.४ म्हणजे ९८, सरळ १०० ग्रॅम धरा. वजन उतरताना स्नायू टिकवण्याचे काम त्यांचे, आणि पोट जास्त वेळ भरलेले राहते तेही त्यांच्यामुळे.

वाटणी मी अशी करेन:

सकाळी ३५० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिने. दोन अंडी, ४० ग्रॅम ओट्स, १०० मिली दूध.

दुपारी ५५०, सुमारे ४० ग्रॅम प्रथिने. दिवसातले हे दुसरे मोठे जेवण, त्याला कात्री लावू नका.

चार वाजता २००, १० ग्रॅम प्रथिने. साय काढलेल्या दुधाचा चक्का १०० ग्रॅम आणि एक फळ हे १६० च्या आसपास जाते, उरलेल्या ४० चहातल्या दुधासाठी. साडेचारची वाट पाहू नका. कडकडून भूक लागल्यावर हात आपोआप बिस्किटांकडे वळतो.

रात्री ६००, ३० ग्रॅम प्रथिने.

डब्याचा नमुना, सगळी वजने शिजल्यानंतरची: चिकनच्या छातीचे मांस १०० ग्रॅम (१६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रथिने), भात १३० ग्रॅम (१७०), शिजवलेली भाजी २५० ग्रॅम (सुमारे ७५), तेल १० मिली (८०), दही १०० ग्रॅम (६०). बेरीज ५५०, प्रथिने चाळिशीच्या थोडी वर. भाताऐवजी उकडलेला बटाटा २०० ग्रॅम किंवा गव्हाचा पाव ६५ ग्रॅम घेतला तरी हिशेब तोच राहतो.

अंड्यांचा दिवस असेल तर तीन अंडी, उकडलेले हरभरे १०० ग्रॅम, तीच २५० ग्रॅम भाजी, तेल ५ मिली, दही १०० ग्रॅम. यात भात नको, हरभऱ्यात पिष्ट आलेच. प्रथिने ३५.

माळरान:

पूर्ण शाकाहारी डब्यात ४० ग्रॅम प्रथिने कशी बसवायची? शिवाय आमच्या ऑफिसात फ्रीज आणि मायक्रोवेव्ह दोन्ही नाहीत. डबा सकाळी ८ ला भरतो, १ ला उघडतो.

चूलबोळकी:

आधी माळरान यांचे. शिजवलेली मसूर २०० ग्रॅम (२३० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिने), भात ८० ग्रॅम, भाजी २५० ग्रॅम, तेल ५ मिली आणि साय काढलेल्या दुधाचा चक्का १५० ग्रॅम. ५४० कॅलरीत प्रथिने ३८-३९ होतात. फक्त डाळीवर हा आकडा गाठायला गेलात तर कॅलरी फुगतात, म्हणून चक्का, टोफू किंवा सोयाबीनचे तुकडे यांपैकी एक सोबत लागतेच. सोयाबीनच्या कोरड्या तुकड्यांत निम्मे वजन प्रथिनांचे असते, ३० ग्रॅम कोरडे घेतले की १५ ग्रॅम मिळाली.

पाच तासांचा डबा ही मात्र नुसत्या चवीची बाब नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात आणि कोमट डबा नेमका तिथेच बसतो. एक तर गरम ठेवा: रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आधी उकळते पाणी दहा मिनिटे भरून ठेवा, ते ओता, मग वाफाळती डाळ आणि भात काठोकाठ भरा. अर्धा रिकामा थर्मास लवकर निवतो. नाहीतर थंड ठेवा: रात्रभर फ्रीजमध्ये गार केलेला डबा, वर-खाली गोठवलेले बर्फाचे पाऊच, उष्णतारोधक पिशवी. चक्का गरम डब्याच्या शेजारी ठेवू नका, त्याची पिशवी वेगळी.

आता दोन वेळचे रांधणे. रविवारी सोमवार, मंगळवार आणि बुधवारचे, बुधवारी गुरुवार-शुक्रवारचे. शिजवलेले अन्न फ्रीजमध्ये तीन दिवस चांगले राहते, चौथा शेवटचा. पाचही डबे रविवारीच भरणारे गुरुवारपर्यंत कंटाळतात आणि शुक्रवारचा डबा धोक्यात घालतात.

भात याला अपवाद आहे. तांदळातल्या बॅसिलस सिरियस जंतूंचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात बाहेर तासन्‌तास राहिला की ते उगवतात आणि त्यांचे उलटी आणणारे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात एक तर रोज सकाळी लावा, २० मिनिटांत होतो. किंवा रविवारी शिजवून ताटात पसरा, निवाला की लगेच १३० ग्रॅमच्या पुड्या करून डीप फ्रीजमध्ये टाका. खाताना चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, आतपर्यंत वाफ येईतो गरम करा. एकदा गरम केलेला भात परत ठेवायचा नाही.

दीड तासाचा क्रम असा. कडधान्य आदल्या रात्री भिजत घातलेले हवे. १०० ग्रॅम कोरड्याचे शिजून साधारण २४० ग्रॅम होते. पहिल्या पाच मिनिटांत कुकर चढवा. तो बोलेपर्यंत भाज्या चिरा. दुसऱ्या शेगडीवर चिकन: कच्चे ४०० ग्रॅम शिजून ३०० च्या आसपास उरते, म्हणजे तीन डबे. आधी अर्धा तास मीठ-दही-लसूण लावून ठेवा, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा, मधोमध ७५ अंश झाले की उतरवा. चिकन चामट होते ते जास्त शिजल्याने, आणि ऑफिसात दुसऱ्यांदा तापते तेव्हा आणखीच. म्हणून तुकडे निवल्यावर कापा आणि पातेल्यात सुटलेला रस त्यावरच घाला.

राजमा करणार असाल तर एक गोष्ट टाळू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी द्रव्य असते. भिजवलेले पाणी फेकून ताज्या पाण्यात खळखळून उकळल्यावरच ते नष्ट होते. कुकरमध्ये हे आपोआप होते. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात पाणी तेवढे तापत नाही आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. ते भांडे वापरायचेच तर राजमा आधी अर्धा तास गॅसवर उकळून घ्या.

भाज्यांत फरसबी, गाजर, फ्लॉवर, मटार, ढोबळी मिरची, कोबी पुन्हा गरम करायला चांगल्या. त्या ऐंशी टक्केच शिजवा, उरलेले काम मायक्रोवेव्ह करतो. परतून झाल्यावर ताटात पसरून वाफ जाऊ द्या. गरम भाजीवर झाकण लावले की वाफेचे पाणी खाली साचते आणि दुसऱ्या दिवशी सगळा डबा पचपचीत. काकडी-टोमॅटोला मीठ आधी लावू नका, मिठाने पाणी सुटते. लिंबू, मीठ, जिरेपूड छोट्या डबीत वेगळे न्या आणि गरम करून झाल्यावर घाला. कमी तेलाच्या जेवणाला चव या आंबटपणानेच येते. बेचव डबा कोणी महिनाभर खाऊ शकत नाही, हे आखणीतच धरायला हवे.

अन्नाचा थर पाच सेंमीहून जाड नको. दोन तासांच्या आत सगळे फ्रीजमध्ये गेले पाहिजे. खोल पातेले तसेच आत ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो.

तोळामासा:

चूलबोळकी यांनी स्वयंपाकाचे सांगितलेच आहे, मी मोजण्याचे पुरवतो. १९९२ साली अमेरिकेत ‘कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या काही जणांचे खाणे शास्त्रशुद्ध मोजले गेले. त्यांनी नोंदवलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी भरले. त्यांचे शरीर ऊर्जा खर्च करण्यात मागे नव्हते. डोळ्यांचा अंदाज असाच फसतो, म्हणून पहिले तीन आठवडे स्वयंपाकघरात काटा हवाच.

सर्वांत मोठी चूक तेलात होते. ५ मिलीचा चमचा ४० कॅलरी, १५ मिलीचा १२०. बाटलीतून धार धरली की दोन-तीन मोठे चमचे कधी पडले कळत नाही. सोपी युक्ती: रांधण्याआधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा, नंतर पुन्हा ठेवा. फरक ग्रॅममध्ये, गुणिले ९.

दुसरी चूक कच्च्या-शिजलेल्याची गल्लत. १०० ग्रॅम कोरडा तांदूळ ३६० कॅलरी, १०० ग्रॅम भात १३०. भाताचे वजन करून तांदळाचा आकडा लावला तर जेवण पावणेतीनपट दिसते, उलट केले तर तेवढेच लपते. मिश्र पदार्थांसाठी रिकाम्या पातेल्याचे वजन त्याच्या बुडाशी कायमच्या शाईने लिहून ठेवा. रांधल्यावर भरलेल्या वजनातून ते वजा करा आणि डब्यांच्या संख्येने भागा.

चहाही मोजा. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन छोटे चमचे साखर म्हणजे ३२ ग्रॅम, सव्वाशेच्या वर कॅलरी, दूध वेगळे.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी. आकडा वाचून विसरा आणि सात दिवसांची सरासरी लिहा. आदल्या रात्री खारट खाल्ले तर काटा किलोभर वर जातो, ते पाणी असते. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तरी हुरळून जाऊ नका. शरीर पिष्ट ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असते, ते निघून जाते. तीन आठवड्यांनंतर सरासरी आठवड्याला २०० ग्रॅमपेक्षा कमी उतरत असेल तर भात आणि तेलातून मिळून १५० कॅलरी कमी करा. प्रथिनांना आणि भाजीला हात लावू नका.

निशिगंध:

यात आरोग्याचे काही मुद्दे जोडते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर भात-पाव अचानक कमी केल्याने साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर वरचा प्रथिनांचा आकडा लागू नाही. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी अशी तूट धरू नये.

आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. १७०० चे १००० करून लवकर मोकळे होऊ, हा विचार त्यामुळेही सोडा.

कडधान्यांची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात अर्धेच प्रमाण ठेवा. चोथा एकदम वाढला की पोट फुगते आणि लोक दोष डाळीला देतात. पाणीही वाढवा.

वाटसरू:

सगळे उतरवून घेतले. एकच राहिले: शुक्रवारी बैठकीत मागवलेले जेवण असते, डबा उघडता येत नाही. तेव्हा?

तोळामासा:

त्या दिवशी सकाळची न्याहारी सोडू नका, उपाशी पोटी तिथे बसणे सर्वांत महाग पडते. ताटात आधी अर्धी जागा भाजीला, मग चिकन, अंडी, डाळ यांपैकी जे असेल ते तळहाताएवढे, भात किंवा पाव मुठीएवढा. रस्सा वाढून घेताना वरचा तवंग चमच्याने बाजूला सारा, तेल तिथेच असते. साखरेच्या पेयाऐवजी पाणी. या जेवणाचे ८०० धरा, चारचे खाणे फक्त फळावर आणा आणि रात्री ४५०: दोन अंडी, २०० ग्रॅम डाळ, भाजी, एक छोटा चमचा तेल. शुक्रवारचा भरलेला डबा चिकनचा असेल तर सकाळीच डीप फ्रीजमध्ये टाका, सोमवारी चालेल. दही मात्र त्यातून काढून घ्या, ते गोठवले की फाटते.